घरातल्या माणसाच्या लढाईच्या गोष्टीवर कथा-कादंबरी लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातलं कुणीतरी लढाईवर गेलं होतं, जिवंत परत आलं, त्याच्यावर कथा नाहीतर कादंबरी लिहायचीय, असे मेसेज सातारा, कोरेगाव, कराड, विटा, तासगाव अशा सगळ्या बाजूंनी येत असतात. प्रश्न बरेचसे तेच तेच असतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवलीयत. आधी साधे प्रश्न आहेत, पुढं पुढं अडचणीचे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडं लागली तर तिथं नुसता नंबर दिलाय.

१. खऱ्या घटनेवरची ऐतिहासिक कादंबरी म्हणजे नक्की काय? चरित्र वेगळं का?

वेगळं. चरित्रात जेवढं कागदावर सापडलं किंवा कुणाकडून कळलं तेवढंच लिहायचं, माहिती संपली की थांबायचं. कादंबरीवाला त्या रिकाम्या जागेत शिरतो, म्हणजे माणूस रात्री काय विचार करत होता, शेजारच्याशी काय बोलला, घर आठवलं की काय करायचा. पण पलटण कुठं होती, वेढा कधी पडला, शरणागती कधी झाली हे जसं घडलं तसंच ठेवायचं. जे तपासता येतं ते बदलू नका, आणि जे कुणालाच तपासता येणार नाही ते जबाबदारीनं रचा. रचताना सगळ्यात जास्त घोळ कुठं होतो ते प्रश्न ५ मध्ये आहे.

२. पणजोबा "बसऱ्याला होते" एवढंच माहितीय. एवढ्यावर कादंबरी होते का?

होते, आणि आपल्या भागात ही गोष्ट जितक्या घरांत आहे तितकी दुसरी क्वचितच असेल. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये (बसरा तिथलंच बंदर), सहावी पूना डिव्हिजन गेली होती आणि त्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडं टेसिफोनला मोठी लढाई झाली, तिथून फौज मागं हटत कुत-अल-अमारा गावात आली आणि ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पडला. तो १४७ दिवस चालला आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार लोक शरण गेले. सोडवायला आलेल्या फौजेचीही प्रचंड हानी झाली पण ती कुतपर्यंत पोचलीच नाही.

आता यात कादंबरी कुठंय ते बघा. अन्न संपत आलं तेव्हा घोडे आणि खेचरं कापायला लागले. गोऱ्या शिपायांनी खाल्लं, हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी कित्येक आठवडे नाही म्हटलं. इथं असताना कोंबडं-बकरं खाणारा गडीसुद्धा घोडा म्हटल्यावर मागं सरत होता, कारण गावाकडं कळलं तर पंगतीला कोण बसवेल, पोरीचं लग्न कुठं जमेल. शेवटी हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचा निरोप मागवून तो पलटणींना वाचून दाखवला गेला. तोवर नुसत्या जवाच्या पिठावर राहून, भाजीपाला नाही म्हणून, हिरड्या सुजून रक्त येण्याचा आजार हिंदी पलटणींत पसरला होता. एप्रिलमध्ये विमानातून पिठाची पोती टाकायचाही प्रयत्न झाला पण तेवढ्यानं काय होणार.

असं धरा की तुमचा नायक कोरेगावकडचा माळकरी आहे. त्याच्यासमोर पत्र्याच्या ताटलीत ते मटण आलंय, वाढणारा त्याच्याच पलटणीतला आहे, दोघांना एकमेकांची गावं माहितीयत आणि परत गेल्यावर कोण कुणाबद्दल काय सांगेल हेही दोघांच्या मनात आहे. खाल्लं तर माळेचं काय, नाही खाल्लं तर पुढच्या आठवड्याचं काय. ह्या एका ताटलीवर अख्खं प्रकरण उभं राहतं, त्याला तोफांचा आवाज लागत नाही.

शरण गेल्यावर तर खरं हाल सुरू झाले. कैद्यांना उन्हातून शेकडो मैल चालवलं, पुष्कळ हिंदी कैद्यांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर लावलं आणि त्यात हजारो मेले. कुतमधल्या फौजेचे प्रमुख जनरल टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले. ही गोष्ट कादंबरीत रागानं सांगायची गरज नाही, दोन्हीकडची प्रकरणं शेजारी शेजारी ठेवली तरी पुरतं.

३. कागदपत्रं कुठं मिळतील?

पहिली शोधाशोध घरातच करा. पत्र्याची ट्रंक, देव्हाऱ्यामागचा कप्पा, जुन्या पेन्शनच्या पावत्या, डिस्चार्जचा कागद. पहिल्या महायुद्धाचं चांदीचं गोल पदक असेल तर भिंगानं त्याची कडा बघा, शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण तिथं बारीक अक्षरांत कोरलेली असते. बऱ्याच घरांतली ती पदकं चांदी म्हणून सोनाराकडं गेलीत, पण असेल तर त्या कडेवरूनच सगळं पुढं सरकतं. पलटण कळली की तिचा इतिहास सापडतो, त्या पलटणीच्या रोजच्या नोंदींच्या डायऱ्या लंडनच्या अभिलेखागारात आहेत आणि त्यातल्या काही ऑनलाइनही आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या मराठा पलटणीच्या माणसासाठी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर, नाव, गाव घालून लेखी अर्ज करा, आणि साताऱ्यात किंवा सांगलीत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन या, अर्ज कसा करायचा ते तिथं सांगतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा, युद्धकबरींच्या आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) वेबसाइटवर फक्त मेलेल्यांची नावं आहेत. जो वाचला त्याचा माग उलट जास्त अवघड असतो, त्यामुळं तिथं नाव नाही म्हणजे माणूस गेलाच नव्हता असं समजू नका. आणि मेलेल्यांचंही सगळं आहे असं नाही. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली, पण साध्या हिंदी शिपायांचा पलटणीमागं नुसता आकडा टाकला. आपल्याकडंही कित्येक गावांत संगमरवरी पाटी असते, ह्या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, इतकी मेली, तिथंही आकडाच. अपशिंग्याच्या नावापुढं मिलिटरी लागलं ते असं गावच्या गाव भरतीला गेल्यामुळंच. आकड्यातल्या एका माणसाला नाव देणं हे कादंबरीचं काम आहे, असं मला मनापासून वाटतं.

४. घरात तिघं तीन गोष्टी सांगतात. कुठली खरी धरायची?

तिन्ही लिहून घ्या, ज्याच्या त्याच्या शब्दांत, कोण सांगतंय आणि त्यानं कुणाकडून ऐकलं हेही शेजारी लिहा. मग तारखा, जागा, पलटण एवढंच प्रश्न ३ मधल्या कागदांशी ताडून बघा. बसत नसेल तर लगेच खोटं म्हणून टाकू नका, दोन भावांच्या गोष्टी एकाच माणसाच्या नावावर जमा झाल्या असं फार वेळा होतं. कादंबरीत तर हा मतभेद तसाच ठेवता येतो, थोरली आत्या एक सांगते आणि धाकटे चुलते दुसरं, वाचकाला त्यात घर दिसतं.

५. आजोबांना हिरो दाखवायचं नाही का? मिलिटरीवाल्यांचं गाव आहे आमचं, लोक काय म्हणतील?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि ह्यावर माझं मत पक्कं आहे. जगून परत आलेल्या माणसाच्या गोष्टीत शौर्य वाढवू नका. मला वाचायला येतात त्या लिखाणात दहातले आठ जण पहिल्याच प्रकरणात आजोबांच्या हातून पाच-सहा शत्रू मारतात, आणि खरा कागद बघितला तर आजोबा स्वयंपाकी असतात, खेचरांच्या तांड्यावर असतात, नाहीतर सहा महिने तापानं दवाखान्यात पडलेले असतात. त्यात कमीपणा काय आहे? खेचरांवर दारूगोळा आणि पाणी चढलं नसतं तर वरच्या पलटणीनं काय केलं असतं?

ज्यांच्या शौर्याची नोंद आहे त्यांचं तसं लिहा ना. नामदेव जाधव इटलीत ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांतून पलीकडं घेऊन गेले, मग एकट्यानं मशीनगनची ठाणी बंद पाडली, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ते जिवंत घरी आले. ते सगळं नोंदलेलं आहे. पण ज्याची नोंद भूक, भीती, चालणं आणि वाट बघणं एवढीच आहे त्याच्या अंगावर दुसऱ्याचं शौर्य चढवलं की त्यानं खरंच जे सोसलं ते पुसलं जातं. कुतमधला माळकरी परत आल्यावर आयुष्यभर गप्प राहिला असेल तर त्या गप्प राहण्याचं कारण शोधा. तो घाबरला होता, त्यानं मित्राला वाटेत सोडलं, त्यानं दुसऱ्याची भाकरी खाल्ली, हे लिहायला हात थरथरतो मान्य आहे, पण वाचक त्याच्यावर जीव लावतो तो इथंच. गावातल्या लोकांचं म्हणाल तर ज्यांच्या घरात असा माणूस होता ते हे वाचून नाराज होत नाहीत, मी तरी पाहिलेलं नाही.

६. दुसऱ्या महायुद्धातली आपल्याकडच्या माणसांची जगण्याची गोष्ट कुठली घ्यावी?

ब्रह्मदेशावर बरंच लिहून झालंय म्हणून मी लोकांना तोब्रुक सुचवतो. २१ जून १९४२ ला तोब्रुक पडलं, ३० हजारांहून जास्त लोक कैद झाले, त्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती. तिथून कैद्यांना इटलीत नेलं. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीनं हत्यार टाकल्याचं जाहीर झालं आणि छावण्यांवरचे पहारे ढिले पडले, जर्मन यायच्या आत जे निसटले ते डोंगरात शिरले. इटलीतल्या गरीब शेतकऱ्यांनी आणि धनगरांनी कैद्यांना गोठ्यात लपवलं, सापडलं तर घर जाळतील हे माहीत असून खायला घातलं. माण-खटावकडचा मेंढरं राखलेला पोरगा तिथल्या मेंढपाळाच्या वाड्यावर लपलाय, भाषा एक शब्द कळत नाही पण मेंढी कशी धरायची आणि दूध कसं काढायचं हे दोघांनाही येतंय, एवढ्यावर किती लिहिता येईल.

दुसरी गोष्ट फ्रान्समधल्या एपिनालची. तिथं हिंदी कैद्यांची मोठी छावणी होती, ११ मे १९४४ ला अमेरिकन विमानांनी बॉम्ब टाकले, भिंती पडल्या, बरेच कैदी मेले आणि बाकीचे पळाले. त्यातले सुमारे ५०० जण चालत स्वित्झर्लंडला पोचले. एवढी मोठी सुटका होऊन आपल्याकडं तिचं नावही फारसं कुणाला माहीत नाही.

७. आमच्या घरातलं कुणी लढलंच नाही. तरी युद्धातली जगण्याची गोष्ट होते का?

का नाही होणार? १९१८ घ्या. नवरा बसऱ्याला, त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि वर तापाची साथ आली, मुंबई इलाख्यात घरंच्या घरं बसली. शिपाई लढाईतून जिवंत आला आणि घरी दार उघडायला कुणी नाही, हे खूप ठिकाणी झालं. त्या बायकांकडं पत्र वाचून दाखवायलाही दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागायचं.

किंवा मुंबईची गोदी. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज फुटलं, त्यात सुमारे १४०० टन दारूगोळा आणि वर कापसाच्या गाठी होत्या, दोन स्फोट झाले, आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान गेले. गोदीत आणि गिरणीत आपल्या पाटण-शिराळ्याकडची किती माणसं होती ते सांगायला नको. तो दिवस ज्यांनी बघितला आणि दुसऱ्या दिवशी परत कामाला गेले तेही युद्धातून वाचलेलेच. महार पलटणीचंही विसरू नका, १९१७ ला १११ नंबरची महार पलटण उभी केली, लढाई संपल्यावर १९२१ ला मोडली आणि गरज पडल्यावर १९४१ ला बेळगावात परत उभी केली. मधल्या वीस वर्षांत त्या घरांचं काय झालं हे कुणीतरी लिहायला पाहिजे.

८. एक आजोबा मिलिटरीत आणि त्यांचे सख्खे भाऊ पत्री सरकारात. एकाच कादंबरीत दोन्ही बसतं का?

बसतं, आणि जुन्या सातारा जिल्ह्याइतकं हे दुसरीकडं कुठं चपखल बसणार नाही. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजला मोर्चावर गोळीबार झाला, पुढं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजेच पत्री सरकार, उभं राहिलं, ७ जून १९४३ ला शेणोलीला पगाराची रेल्वे लुटली. त्याच वेळी त्याच गावांतले पोरं इटलीत आणि ब्रह्मदेशात इंग्रजांच्या वर्दीत होते आणि त्यांच्या पगारावर घर चालत होतं. एकाला दुसऱ्यासमोर भाषण करायला लावू नका. आईला दोघांची काळजी आहे, पोलीस एकाला शोधत येतात आणि पोस्टमन दुसऱ्याची मनीऑर्डर आणतो, एकाच दारात.

९. त्या काळातल्या कुठल्या चुका हमखास होतात?

सगळ्यात जास्त होते ती सांगली जिल्ह्याची. १९४३ मध्ये सांगली जिल्हा नव्हताच. तासगाव, वाळवा, खानापूर, शिराळा सातारा जिल्ह्यात होते, सांगली-मिरज-जत ही संस्थानं, कुंडल आणि आटपाडी औंध संस्थानात. १९४९ ला दक्षिण सातारा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. पोलीस पाठलाग करत संस्थानच्या हद्दीपर्यंत येतात हा प्रसंग ह्याच्यामुळंच जमतो, आणि जिल्हा चुकीचा लिहिला की जातो.

पलटणीची नावंही बघा. "पाचवी मराठा लाइट इन्फंट्री" हे नाव १९२२ नंतरचं, कुतमध्ये ते कुणाच्या तोंडी घालू नका. रुपये-आणे-पै १९५७ पर्यंत. पुणे-मिरज रेल्वे मीटर गेजची, डबे लहान. एवढं सांभाळलं तरी निम्मं काम झालं.

१०. संवाद कुठल्या मराठीत लिहू?

घरात जी बोलता ती. शिपाई आपसात आपल्या तालुक्याची बोली बोलणार, पलटणीत हुकूम आणि शिकवणी रोमन लिपीतल्या उर्दूतून असायची त्यामुळं त्याच्या मराठीत ते शब्द मिसळणारच. "आम्ही शत्रूचा नायनाट करू" असं लढाई चालू असताना खंदकात कुणी बोलत नाही. पत्रं लिहिणार असाल तर एक ध्यानात ठेवा, सेन्सॉर ती वाचायचा आणि शिपायांना ते माहीत होतं, म्हणून ते आडवळणानं लिहायचे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून गेलेल्या पत्रांत काळी मिरी म्हणजे हिंदी फौज आणि लाल मिरी म्हणजे गोरी फौज असं सापडतं.

११. पाचगणीत पोलंडचे लोक होते म्हणतात, ते खरं का? त्यावर लिहिता येईल का?

खरं आहे. १९४०-४१ मध्ये रशियानं पोलंडमधल्या लाखो लोकांना घरातून उचलून सायबेरियाकडं नेलं, पुढं सुटका झाली तेव्हा त्यातले काही इराणमार्गे हिंदुस्थानात आले. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ मोठी छावणी होती, तिथं सुमारे पाच हजार लोक राहायचे, जास्त करून बायका आणि पोरं, आणि पाचगणीत त्यांच्यातल्या आजाऱ्यांसाठी प्रकृती सुधारायचं केंद्र होतं.

सायबेरियातलं आतून लिहायचं असेल तर त्या लोकांच्या आठवणी भरपूर वाचल्याशिवाय हात घालू नका. पाचगणीच्या बाजूनं लिहिणं आपल्याला जास्त साधेल असं मला वाटतं, म्हणजे दूध घालायला जाणारी बाई, कपडे नेणारा परीट, त्यांना ती पोरं कशी दिसली असतील ते.

१२. आजोबा आझाद हिंदमध्ये होते असं घरात सांगतात, कागदावर मात्र मराठा पलटण आणि तोब्रुक लिहिलंय. मग कुणीतरी खोटं बोलतंय का?

असंच म्हणता येणार नाही. आझाद हिंद म्हटलं की आपण सिंगापूर धरतो, पण १९४३ ला पाणबुडीतून पूर्वेकडं जायच्या आधी नेताजींनी जर्मनीतही हिंदी फौज उभी केली होती आणि त्यातले बरेचसे लोक उत्तर आफ्रिकेत पकडलेले कैदीच होते. त्यामुळं दोन्ही खरं असू शकतं. उलटही असतं, सिंगापूरला पकडलेले सगळेच आझाद हिंदमध्ये गेले नाहीत, नाही म्हटलं त्यातल्या पुष्कळांना जपान्यांनी न्यू गिनीसारख्या बेटांवर मजुरीला पाठवलं आणि तिथं त्यांचे भयंकर हाल झाले. कागद मिळाल्याशिवाय कादंबरीत एक बाजू ठाम लिहू नका. तो का गेला किंवा का गेला नाही हे मात्र तुम्ही रचू शकता, आणि एखादा दोन वेळच्या जेवणासाठी गेला असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

१३. आजोबा पलटणीतून पळून आले होते. वडील म्हणतात लिहू नको. काय करू?

वडील जिवंत आहेत आणि नको म्हणतायत तर त्या नावानं, त्या गावानं लिहू नका. नाव बदला, तालुका बदला, भावंडांची संख्या बदला, ओळखता येणार नाही इतकं बदला. पलटण आणि लढाई तीच राहू दे. लिहून झालं की छापायच्या आधी वडिलांना वाचायला द्या आणि ते ज्या पानावर अडतील तिथं बसून बोला. बहुतेक वेळा अडचण पळून येण्याची नसते, त्याच्यामुळं पेन्शन बुडालं आणि आजीनं दुसऱ्याच्या रानात खुरपलं त्याची असते, आणि ते तुम्हाला तोवर कुणी सांगितलेलंच नसतं.

१४. शेवटी "काय खरं, काय काल्पनिक" अशी टीप द्यावी का?

द्यावी, एक-दीड पान पुरे. लढाई, तारखा, पलटण खरी, कुठली पात्रं रचलेली, कुठल्या दोन माणसांचा एक केला, कुठला प्रसंग घरातल्या सांगण्यावर आहे पण कागद नाही, एवढं सरळ लिहा. प्रत्येक संवादाचा हिशेब देत बसू नका. आणि टीप पुस्तकाच्या शेवटी टाका, सुरुवातीला टाकली की वाचक गोष्ट सोडून खरं-खोटं तपासत बसतो. घरातल्या ज्यांनी सांगितलं त्यांची नावं त्यांना विचारूनच घाला, कुणी नको म्हटलं तर "घरातील थोरल्यांकडून" एवढं चालतं.